ग्रंथनोंदी नेता आल्या पाहिजेत

महाविद्यालयीन ग्रंथालयांनी तालिकीकरणाचं काम बाहेर देऊच नये, असं मी म्हणणार नाही. एकाच पुस्तकाची नोंद हजार ग्रंथपालांनी हजारदा नव्याने करण्यात शहाणपण नाही, हे अमेरिकेतल्या ओहायो राज्याने फार पूर्वी दाखवून दिलं. तिथल्या महाविद्यालयांनी १९६७ साली ओसीएलसी ही सहकारी संस्था उभारली आणि १९७१ मध्ये ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयात ऑनलाइन सामायिक तालिकीकरण सुरू झालं. एकाने केलेली नोंद सगळ्यांनी वापरायची, ही व्यवस्था उत्तमच होती. पण २००८ मध्ये याच संस्थेने नोंदींचा वापर आणि हस्तांतर यांवर बंधनं घालणारं धोरण जाहीर केलं. ग्रंथपालांनी कडाडून विरोध केला, तेव्हा ते मागे घ्यावं लागलं. पुढे २०२२ मध्ये क्लॅरिव्हेट या कंपनीच्या एक्स लिब्रिसने नोंदींच्या मोफत देवाणघेवाणीसाठी ‘मेटाडोअर’ आणायचं ठरवलं, तर ओसीएलसी न्यायालयात गेली. त्याच वर्षी तडजोड होऊन मेटाडोअरचं काम थांबलं. ज्या ग्रंथालयांतल्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून या नोंदी तयार केल्या, ती ग्रंथालयं या दाव्यात पक्षकारही नव्हती. मला सर्वांत गंभीर वाटतं ते हे.

आम्ही तर कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरतो, ती मुक्त प्रणाली आहे, मग नोंदी अडकण्याची भीती कसली, असं आपल्याकडे अनेकजण म्हणतात. प्रणाली मुक्त आहे, खरंच. पण सर्व्हर पुरवठादाराचा, पासवर्ड त्याच्या माणसाकडे आणि बॅकअप कुठे आहे हे ग्रंथपालाला ठाऊक नाही, अशी स्थिती असेल तर ग्रंथालय तितकंच अडकलेलं असतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: देवघेव, महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी लागणारी नॅकची कागदपत्रं आणि तालिका हे सगळं एकट्या ग्रंथपालाने सांभाळायचं कसं? इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या नोंदी खुशाल आयत्या घ्याव्यात. मराठी पुस्तकांची आयती नोंद मात्र अनेकदा मिळत नाही, आणि परदेशी तालिकेत मिळाली तरी ती बहुधा रोमन लिपीत असते. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, हे दुवे कोणी जोडलेच नाहीत, तर शिरवाडकरांच्या नावाने ‘नटसम्राट’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ‘विशाखा’ दिसणार नाही. दर पुस्तकामागे ठरावीक पैसे घेणारा डेटा एंट्रीवाला ही जोडणी करत बसत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, करारात ते काम लिहिलेलंच नसतं. एवढा भाग तरी ग्रंथपालाने स्वतःच्या हाती ठेवावा.

आणि सही करण्याआधी करार नीट वाचावा. सगळ्या नोंदी मार्क २१ या प्रमाण स्वरूपात, सदस्यांची व देवघेवीची माहिती साध्या फाइलींत, मागू तेव्हा आणि वेगळं शुल्क न आकारता मिळेल, हे लिहून घ्या. आपण केलेल्या दुरुस्त्या पुरवठादाराच्या नव्या नोंदींनी पुसल्या जाणार नाहीत, हेही. निविदा उघडताना सर्वांत कमी दर पाहिला जातो, बाहेर पडण्याचा खर्च कोणी विचारत नाही; तो विचारा. दरवर्षी नूतनीकरणाचं बिल मंजूर करण्यापूर्वी बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून त्यात काही पुस्तकं शोधून पाहा, मराठी आधी. ती सापडली नाहीत तर बिल थांबवा.