पिवळा स्फटिक सापडला, पण तो लेग्रांडाइटचा आहे का?

मेक्सिकोत दुरांगो राज्यातल्या मापिमीजवळ ओहुएला ही जुनी खाण आहे. तिथल्या तपकिरी लिमोनाइटवर पिवळाधमक स्फटिक दिसला, की "लेग्रांडाइट!" असं ओरडावंसं वाटतं. जरा थांबा. त्याच खाणीतलं अ‍ॅडामाइटही पिवळं असू शकतं, आणि ते कितीतरी जास्त सापडतं. दोन्ही जस्ताची आर्सेनेटं. लेग्रांडाइटच्या सूत्रात पाण्याचा एक रेणू जास्त, एवढाच फरक.

आधी भिंगातून आकार बघा. लेग्रांडाइटचे स्फटिक लांब, सडपातळ, बऱ्याचदा पंख्यासारखे पसरलेले. अ‍ॅडामाइटचे बहुधा आखूड, पाचरीसारखे. मग अंधारात अतिनील दिवा धरा. अ‍ॅडामाइट अनेकदा हिरवं चमकतं, लेग्रांडाइट सहसा नाही. पण न चमकणं हा पुरावा नव्हे. तांबं मिसळलेलं असेल, तर अ‍ॅडामाइटचीही चमक मावळते. काठिण्य अ‍ॅडामाइटचं ३.५, लेग्रांडाइटचं ४.५. म्हणून ४ काठिण्याच्या फ्लोराइटने फक्त अ‍ॅडामाइटवर ओरखडा उठतो. हा प्रयोग तुटक्या तुकड्यावरच करा.

आणि एक महत्त्वाचं. रंग खुलावा म्हणून दगड चाटायची सवय काहींना असते. इथे ती सोडा. ज्योतीत तापवून लसणासारखा वास घ्यायची जुनी परीक्षाही नको, ती वाफ आर्सेनिकची असते. खाण्यापूर्वी हात धुवा.

वहीत "लेग्रांडाइट?" असंच लिहा. ते प्रश्नचिन्ह प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी किंवा रामन वर्णपटाने तपासल्यावरच खोडायचं.