‘शिक्षा’ : एक शब्द, अनेक अर्थ

बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम संसदेने २००९ मध्ये संमत केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. या अधिनियमाच्या हिंदी नावात ‘शिक्षा का अधिकार’ असे शब्द आहेत. याच अधिनियमाच्या कलम १७ अन्वये बालकास शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. हिंदीत वाचणाऱ्याला हा कायदा ‘शिक्षे’चा हक्क देतो, तर मराठीत वाचणाऱ्याला तो ‘शिक्षे’पासून संरक्षण देतो. शब्द एकच, लिपीही एकच. अर्थ मात्र भिन्न. हा फरक कसा पडला, हे शिक्षक व प्रशासक या दोघांनीही समजून घेण्याजोगे आहे.

मूळ अर्थ

संस्कृतातील ‘शिक्ष्’ या धातूचा अर्थ शिकणे असा आहे. ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे, या धातूच्या इच्छार्थक रूपाशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. समर्थ होण्याची इच्छा ती शिक्षा, असा हा आशय होय. सहा वेदांगांपैकी एकाचे नावच ‘शिक्षा’ असून शुद्ध उच्चार हा त्याचा विषय आहे. पालीत या शब्दाचे रूप ‘सिक्खा’ असे होते. शील, समाधी व प्रज्ञा या बौद्ध परंपरेतील तीन सिक्खा होत. १९५६ मध्ये नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात घरोघरी म्हटल्या जाऊ लागलेल्या पंचशीलात ‘सिक्खापद’ हा शब्द प्रत्येक शीलाबरोबर येतो. तेथे त्याचा अर्थ स्वेच्छेने स्वीकारलेला नियम असा आहे. दुसऱ्याने दिलेल्या दंडाचा त्यात लवलेशही नाही.

अर्थांचा नकाशा

आज हिंदी, बंगाली, असमिया, उडिया व नेपाळी या भाषांत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू व मल्याळम या भाषांत तोच शब्द प्रामुख्याने दंड या अर्थाने रूढ आहे. मल्याळममध्ये शिक्षणाला ‘विद्याभ्यास’ असे म्हणतात.

समुद्रापलीकडेही या शब्दाचा प्रवास झाला. थायलंडमध्ये तो अध्ययन या अर्थाने वापरला जातो व तेथील शिक्षण मंत्रालयाच्या नावातही आढळतो. ब्रह्मदेशात पालीमार्गे गेलेल्या या शब्दाला प्रतिष्ठा, मानमरातब असा अर्थ आला. इंडोनेशियात मात्र ‘सिक्सा’ म्हणजे यातना, छळ. त्याच देशातील सुंदा भाषेच्या १५१८ मधील एका जुन्या ग्रंथाच्या नावात हाच शब्द उपदेश, आचारनियम या अर्थाने आला आहे.

अर्थ का पालटला?

शिकविणे, वळण लावणे, चूक सुधारणे आणि चुकीबद्दल शासन करणे या एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या आहेत. मराठीतील ‘धडा शिकविणे’ या वाक्प्रचारात त्या एकत्र आलेल्या दिसतात. ‘शासन’ या शब्दालाही राज्यकारभार व दंड असे दोन्ही अर्थ आहेतच. ज्या बंगालीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, तेथेही ‘उचित शिक्षा देणे’ म्हणजे अद्दल घडविणे. प्राचीन ग्रीकमधील शिक्षणवाचक शब्दालाही पुढे ताडनाचा अर्थ जोडला गेला. शिकविणे आणि मारणे ही एकाच हाताची कामे होत, ही समजूत किती दूरवर पसरली होती, याचीच ही साक्ष आहे.

मराठीने मात्र एक सोय केली. प्राकृतातून आलेले ‘शिकणे’ आणि संस्कृतातील ‘शिक्षण’, ‘शिक्षक’ हे शब्द ज्ञानाकडे राहिले, तर ‘शिक्षा’ दंडाकडे गेली. खुद्द ‘दंड’ हा शब्द रोजच्या व्यवहारात बहुधा पैशाच्या भरपाईपुरता उरला.

व्यवहारातील दक्षता

केंद्रीय मानव संसाधन विकास मंत्रालयाचे नाव २०२० मध्ये बदलण्यात आले. त्याचे हिंदी नाव ‘शिक्षा मंत्रालय’, तर मराठी नाव ‘शिक्षण मंत्रालय’ असे आहे. ‘समग्र शिक्षा’ (२०१८) व त्यापूर्वीचे ‘सर्व शिक्षा अभियान’ ही योजनांची नावे मराठी फलकांवर आहे तशीच आली. ग्रामसभेत अशा योजनेची माहिती देताना ‘येथे शिक्षा म्हणजे शिक्षण’ एवढे एक वाक्य सांगितल्यास गैरसमज टळतो. हिंदी परिपत्रकाचा अनुवाद करताना हाच नियम पाळावा. ‘राजीनामा’ हा शब्दही असाच फसवा आहे. मराठीत तो पदत्याग सुचवितो, तर हिंदी-उर्दूत त्याचा अर्थ तडजोडीचा लेख असा होतो.

याहून महत्त्वाची दक्षता वर्गात हवी. परप्रांतातून कामासाठी आलेल्या कुटुंबातील मूल मराठी शाळेत प्रथम येते, तेव्हा ‘शिक्षा’ हा शब्द त्याने घरी शिक्षण याच अर्थाने ऐकलेला असतो. त्याचा दुसरा अर्थ त्याला छडीच्या अनुभवातून कळता कामा नये. शब्दाच्या इतिहासात जे दोन अर्थ एकमेकांत गुंतले, ते कलम १७ ने कायद्यात वेगळे केले आहेत. वर्गात ते वेगळे ठेवण्याची जबाबदारी शिक्षकाची आहे, आणि त्यावर लक्ष ठेवण्याची शाळा व्यवस्थापन समितीची.