अडखळणाऱ्या माणसाकडे बघ

अगं, गुरुग्रामच्या कंपनीत डिझायनर म्हणून रुजू होणार आणि राहायला इथे दिल्लीच्या द्वारकेत, माझ्या शेजारच्याच सेक्टरमध्ये! मला किती आनंद झालाय, ते फोनवर सांगताच आलं नाही. पण या कामात मी तुझ्याआधी बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून कोर्समध्ये कुणी सांगत नाही असं थोडं मोकळेपणाने बोलते. रागावू नकोस.

तुझा पोर्टफोलिओ पाहिला. देखणा आहे. रंग छान, मोकळी जागा छान. पण त्यात मला माणूस भेटला नाही. कोण कुठे अडलं, का अडलं, मग तू काय बदललंस, हे कुठेच नाही. आपलं खरं काम तर तेच गं.

द्वारकेतलंच बघ. मेट्रोच्या ब्लू लाइनने मध्य दिल्लीकडून येताना आधी द्वारका मोड लागतं, मग नुसतं द्वारका, मग द्वारका सेक्टर १४. तिथून १३, १२, ११ असे आकडे उतरत ८ पर्यंत येतात आणि ७ ची वाट बघावी तर एकदम २१! तेच शेवटचं स्टेशन. नुसत्या ‘द्वारका’वरून नजफगढकडे ग्रे लाइन फुटते. २१ वरून विमानतळाची एक्स्प्रेस मिळते आणि सप्टेंबर २०२३ पासून तीच पुढे सेक्टर २५ च्या यशोभूमीपर्यंत जाते. आता पुण्याहून येणाऱ्या आत्याला ‘द्वारकेला उतर’ म्हटलं, तर ती बिचारी पहिलं द्वारका दिसताच उतरणार. तिचं काय चुकलं? सेक्टरांचे आकडे नगररचनेच्या नकाशातले, रूळ गेले आपल्या वाटेने. उद्या तू प्रवासाचं अ‍ॅप केलंस आणि कुणी ‘द्वारका’ टाइप केलं, तर पहिलं नाव आपोआप निवडून मोकळी होऊ नकोस. सगळी द्वारका स्टेशनं दाखव आणि प्रत्येकापुढे ओळख पटेल असं काही लिही: इथे ग्रे लाइन मिळते, हे शेवटचं स्टेशन. एवढ्याने आत्या घरी पोचते.

आमच्या सोसायटीत निवृत्त मंडळी खूप. शेजारचे काका परवा एका संकेतस्थळावर अर्ज भरत होते. बटण तळाशी, चूक मात्र पानाच्या वरच्या टोकाला लाल अक्षरांत उमटत होती. त्यांना ती दिसेचना. ते पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले, शेवटी वेळ संपली आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. मला म्हणाले, “वय झालं गं, आता हे जमत नाही.” आयुष्यभर सरकारी फायली सांभाळलेला माणूस स्वतःला बोल लावत होता! याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो. आपण वाईट पडदा करतो आणि माणसं स्वतःला कमी समजायला लागतात. चूक जिथे झाली त्या रकान्याखालीच ती सांगायची, काय दुरुस्त करायचं तेही सांगायचं, भरलेलं जपून ठेवायचं. अवघड काहीच नाही, फक्त आधी कुणीतरी काकांच्या शेजारी बसायला हवं होतं.

बसायचं कसं, तेही शिकून घे. काम सांग, पण बटणावरचा शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस. ‘मनात येईल ते बोलत बोलत करा’ म्हण आणि गप्प राहा. ते अडखळले की तुझा हात आपोआप पुढे जाईल, तो आवर. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये लिहिलं होतं की पाच जणांना बघितलं तरी साधारण ८५ टक्के अडचणी हाती लागतात. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. त्यांचं पुढचं म्हणणं जास्त मोलाचं आहे: पाच जण बघा, सुधारा, मग पुन्हा नवे पाच बघा. आणि आजोबांसाठी व कॉलेजच्या मुलांसाठी एकच पडदा असेल, तर दोन्हीकडची माणसं वेगवेगळी बघावी लागतात.

मराठी-हिंदी पडदे करशील तेव्हा मजकूर आधी देवनागरीत लिही. इंग्रजीवर बेतलेल्या ओळीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या अनिरुद्ध जोशींच्या गटाने केलेला ‘स्वरचक्र’ कीबोर्ड नक्की बघ. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याभोवती बाराखडीचं चक्र उघडतं. शाळेत शिकलेल्या वर्णमालेवरच तो उभा आहे, म्हणून मला तो फार आवडतो.

आता ऑफिसातलं. कधीतरी बैठकीत तुला सांगतील, ‘नको’चं बटण फिकट कर, खरेदीत विम्यापुढे आधीच बरोबरची खूण करून ठेव. तेव्हा तुझ्या हातात कायदा आहे हे विसरू नकोस. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत असे १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. ती छापून जवळ ठेव. नवी आहेस, आवाज कापेल, तरी बोल.

आणि एक प्रकरण वाचच. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर निकाल दिला. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या या बाईंना ई-केवायसीसाठी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगितलं गेलं आणि त्यांना ते शक्यच नव्हतं. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि केवायसी सगळ्यांना करता यावी म्हणून २० निर्देश दिले. एका पडद्यावरच्या एका सूचनेसाठी बाईंना देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. ती सूचना लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. त्याने फक्त आपल्यासारखाच चेहरा डोळ्यांपुढे धरला होता.

रविवारी ये. काका-काकूंना मी सांगून ठेवलंय, चहा त्यांच्याकडेच आहे. तुझा मोठा लॅपटॉप घरीच ठेव. तू केलेलं काकूंच्या फोनवर उघड, त्यांनी अक्षरं जेवढी मोठी करून ठेवली आहेत तेवढीच राहू दे, आणि मी खूण करेपर्यंत एक शब्दही बोलू नकोस.