पशुपालकांची भूमि आणि त्यांच्या मुलांची शाळा

भूगोलाच्या पुस्तकांत आफ्रिकेचें प्रकरण आलें म्हणजे मसाई लोकांचें नांव येतें. लाल वस्त्र, भाला आणि गुरांचे कळप एवढें सांगून पुस्तक पुढें जातें. आपल्या चराऊ भूमीसाठीं या लोकांनीं केलेला झगडा त्यांत बहुधा नसतो. तोच प्रश्न आपल्या सह्याद्रींतहि आहे, आणि तो समजून घेण्यास मंडणगडच्या विद्यार्थ्यांस समुद्र ओलांडावा लागत नाहीं.

कोंकणांत दोन प्रकारचे धनगर आढळतात. पहिले गवळी धनगर. खेड, चिपळूण, संगमेश्वर या तालुक्यांत डोंगराच्या वरच्या अंगास यांचे धनगरवाडे आहेत. म्हशी पाळाव्या, उतारावर नाचणी-वरी पिकवावी, लोणी खालच्या गांवीं देऊन धान्य आणावें, हा यांचा जुना क्रम. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा या संशोधकांनीं १९८२ सालीं यांच्याविषयीं निबंध प्रसिद्ध केला. खोऱ्यांतील कुणबी व माथ्यावरील गवळी हे एकाच डोंगराचे निरनिराळे भाग वापरीत, म्हणून त्यांच्यांत स्पर्धा थोडी व देवघेव अधिक असे, हें त्यांनीं दाखविलें.

दुसरे मेंढपाळ. दिवाळीनंतर भाताचीं शेतें मोकळीं झालीं कीं घाटावरील कोरड्या मुलखांतून हे मेंढरें, घोडीं, कुत्रे व लेंकरें घेऊन खालीं उतरतात. शेतकरी रात्रीं आपल्या शेतांत मेंढरें बसवून घेतो. लेंड्यांचें खत जमिनीस मिळतें व धनगरास धान्य किंवा पैसे मिळतात. पाऊस लागण्यापूर्वीं कळप पुनः घाट चढतो, कारण कोंकणचा ओला पावसाळा दख्खनी मेंढीस मानवत नाहीं. असें फिरणें हें अज्ञानाचें लक्षण आहे असें कित्येक समजतात. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. पाऊस, चारा व शेताची कापणी या तिहींचा मेळ घालणारा हा हिशेब पुष्कळ शिकलेल्यांस मांडतां येणार नाहीं!

तथापि जो वर्षभर एके ठिकाणीं राहत नाहीं, त्याच्या जमिनीचा कागद कोणी करीत नाहीं. मसाईंची गोष्ट येथें पाहण्याजोगी आहे. १९०४ सालीं इंग्रजांनीं करार करून त्यांस राखीव मुलूख दिला व तो कायमचा म्हणून सांगितला. सातच वर्षांनीं, १९११ सालीं, दुसरा करार होऊन उत्तरेकडील लायकिपियाचें उत्तम कुरण त्यांच्याकडून गेलें. मसाईंनीं न्यायालयांत दाद मागितली; १९१३ सालीं ती फेटाळली गेली. करार हा दोन राज्यसत्तांमधील, सबब त्याचा विचार या न्यायालयास करतां येत नाहीं, असें कारण देण्यांत आलें. जमीन घेतांना मसाई प्रजा, आणि दाद मागतांना परके!

आपल्याकडे २००६ सालीं वनहक्क कायदा झाला. त्यांत भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. दावा प्रथम ग्रामसभेपुढें येतो आणि ती आपल्यांतूनच वनहक्क समिति निवडते. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवानें याच कायद्यान्वयें २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला. तेथील लोक प्रत्येक निर्णय सर्वांच्या संमतीनें घेत आले आहेत, आणि यशाचें मर्म त्यांतच आहे असें आम्हांस वाटतें. धनगरांची अडचण मात्र वेगळी आहे. महाराष्ट्रांत त्यांची गणना अनुसूचित जमातींत नसून भटक्या जमातींत होते, म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास व वनावरील अवलंबन त्यांस सिद्ध करावें लागतें.

शिक्षणाचा प्रश्न याहूनहि बिकट आहे. मूल कळपाबरोबर गेलें तर शाळा सुटते. गांवीं ठेवलें तर आईबाप सुटतात. हंगामी वसतिगृहांनीं कांहीं मुलांची सोय होते. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास जन्माचा दाखला नाहीं म्हणून प्रवेश नाकारतां येत नाहीं, वर्ष सुरू झाल्यानंतरहि तो द्यावाच लागतो. परंतु कळपाचा तळ थोड्याच दिवसांत हलतो. तेवढ्यांत त्या मुलास वर्गांत बोलावून बसविणें हें शिक्षकाच्या व वर्गांतील सोबत्यांच्या हातीं आहे.

आणखी एक काम लिहितां येणाऱ्या प्रत्येकास करतां येईल. वनहक्काच्या नियमांत सरकारी दप्तराबरोबरच घर, बांध, विहीर, स्मशान, देवस्थान यांच्या खुणा आणि दावेदाराखेरीज इतर वृद्धांचे लेखी जबाब हे पुरावे म्हणून धरले आहेत. एकाहून अधिक पुरावे मात्र लागतात. धनगरवाड्यावर अद्याप असे वृद्ध आहेत कीं ज्यांस कोणत्या सड्यावर कोणाच्या म्हशी चरत, कोणतें पाणी उन्हाळ्यांत टिके, देव कोठें मांडला होता, हें तोंडपाठ आहे. त्यांचें सांगणें त्यांच्याच शब्दांत, जागेचें नांव व साल घालून लिहून घ्यावें, तें त्यांस वाचून दाखवावें व खालीं त्यांची सही अथवा अंगठा घ्यावा.