टॅब्लेट म्हणजे मोठा मोबाईल नव्हे!

व्हिडिओ म्हटलं की हॉस्टेलवर आधी क्रिकेट आणि सिनेमा आठवतो. पण परीक्षेच्या आदल्या रात्री खोल्याखोल्यांत काय चालू असतं, हे रेक्टर सरांनाही ठाऊक आहे. लेक्चर! अर्धा सिलॅबस आपण व्हिडिओवरच भरून काढतो. म्हणूनच मिनी प्रोजेक्टसाठी मी विषय घेतला : लेक्चर दाखवणाऱ्या अ‍ॅपची टॅब्लेटसाठी फेररचना. त्यातून जे शिकलो ते इथे थोडक्यात मांडतो. कॉम्प्युटर ब्रँच नसलेल्यांनीही वाचावे, गणित सोपे आहे.

विषय सुचला तो आमच्या घरी, हातखंब्याला. माझी आत्येबहीण सीईटीची तयारी करते. 'महाज्योती' ही नागपूरची शासकीय संस्था इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट आणि सीईटीच्या अभ्यासासाठी मोफत टॅब्लेट आणि रोज 6 जीबी डेटा देते. त्या योजनेत तिला टॅब मिळाला. क्लाससाठी रोज रत्नागिरीला जाणे-येणे तिला जमत नाही, तेव्हा टॅबवरची लेक्चर्स हाच तिचा क्लास. ती वापरते ते अ‍ॅप (नाव मुद्दाम देत नाही) मोबाईलसाठी बनवलेले. दहा इंची टॅबवर तेच ताणून बसवलेले. गणित सोडवायला टॅब उभा केला की लेक्चर पुन्हा पहिल्यापासून सुरू! नोट्स उघडल्या की व्हिडिओ गायब. मी शेजारी बसून पाहिलं, तिचा निम्मा वेळ मागे-पुढे करण्यातच जात होता.

जागा कोणाची?

टॅबवर शिकवण्याचा विचार आपल्याकडे जुनाच आहे. 5 ऑक्टोबर 2011 ला 'आकाश' हा स्वस्त टॅब्लेट दिल्लीत जाहीर झाला. पडदा सात इंची, 800 बाय 480 पिक्सेल. पुढे त्याचे काम आयआयटी मुंबईकडे आले आणि नोव्हेंबर 2012 मध्ये 'आकाश 2' आला. त्याच आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आपल्यापैकी अनेकांनी वापरला असेल. साधारण दहा मिनिटांचे धडे, मराठीतही ऐकता येतात. त्यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे : एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला आपले काम. पाहायचे, थांबवायचे, स्वतः करायचे.

माझ्या प्रोजेक्टचे सगळे सार यातच आहे. सिनेमा बघणाऱ्याला जेवढे मोठे चित्र तेवढे बरे. शिकणाऱ्याचे तसे नाही, त्याला चित्राशेजारी हात चालवायला जागा लागते. म्हणून टॅबवर जी जागा वाढली, ती व्हिडिओला नव्हे, शिकणाऱ्याला द्यायची.

आता गणित

अँड्रॉइडमध्ये मोजमाप डीपीत करतात. (व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी नव्हे!) एक डीपी म्हणजे इंचाचा साधारण 160 वा भाग. मोबाईलची रुंदी बहुधा 360 ते 412 डीपी असते. 600 आणि 840 या दोन रुंदींना रचना बदलावी, असा गुगलचा सल्ला आहे. हातखंब्याच्या तिठ्यावर रत्नागिरीचा रस्ता हायवेपासून फुटतो ना, तसेच हे दोन फाटे समजा.

तिचा टॅब 1280 बाय 800 डीपीचा. व्हिडिओ 16:9. आडव्या टॅबवर तो पूर्ण ताणला तर 1280 बाय 720 होतो. उरतात वर-खाली 40-40 च्या काळ्या पट्ट्या, कोणाच्याच कामाच्या नाहीत. त्याऐवजी व्हिडिओ 800 बाय 450 ठेवला, तर बाजूला 480 रुंदीचा उभा पट्टा मिळतो. तिथे धड्यांची यादी आणि नोट्स. व्हिडिओखाली 350 उंची उरते, तिथे चालू गणित. आता टॅब उभा करा. रुंदी 800, म्हणजे व्हिडिओ पुन्हा 800 बाय 450 च! खाली 830 ची मोकळी जागा. टॅब कसाही फिरवा, फळा तेवढाच दिसतो, फक्त नोट्स बाजूच्या खाली येतात.

फिरवला की पहिल्यापासून का?

टॅब फिरवला की अँड्रॉइड तो पडदा मोडून नवा बांधतो. कितव्या सेकंदाला होतो, हे अ‍ॅपने आधी जपून ठेवले नाही तर सगळे पुसले जाते. पुष्कळ अ‍ॅप यावर सोपी पळवाट काढतात, पडदा एकाच दिशेला कुलूपबंद करतात. पण 2025 च्या अँड्रॉइड 16 पासून ती पळवाट अरुंद झाली आहे. त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या अ‍ॅपचे असले कुलूप 600 डीपी आणि त्यापुढच्या पडद्यावर सहसा मानले जात नाही. (खेळांना सूट आहे.) तेव्हा काम नीट करण्याला पर्याय नाही!

अंगठा आणि डेटा

हा टॅब आडवा धरला तर सुमारे 22 सेंटीमीटर रुंद. दोन्ही हातांनी धरल्यावर अंगठा मध्यापर्यंत पोचत नाही आणि नेमके तिथेच थांबवायचे बटण! मी ते खालच्या कोपऱ्यात अंगठ्याशी आणले, शेजारी 'दहा सेकंद मागे'. गणित शिकताना सर्वात जास्त लागणारे बटण हेच.

आता डेटा. सेकंदाला 3 मेगाबिटचा व्हिडिओ तासाला सुमारे 1350 एमबी खातो, म्हणजे 6 जीबीत साडेचार तासही होत नाहीत. 1 मेगाबिटला 450 एमबी, म्हणजे तेरा तास. हल्ली व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून, नेटच्या वेगाप्रमाणे हलका किंवा भारी तुकडा पाठवतात. फळ्याचे चित्र फारसे हलत नाही, त्यामुळे कमी बिटांत भागते. पण पिक्सेल कमी केले तर खडूच्या बारीक रेघा फुटतात आणि वर्ग की घन ते कळत नाही. म्हणून क्रिकेटचा नियम लेक्चरला लावू नये. शिवाय पावसात लाईट आणि रेंज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा 'उतरवून ठेवा' हे बटण मेनूत न दडवता प्रत्येक धड्यासमोर दिले.

तात्पर्य

बहीण आता व्हिडिओ थांबवते, फळ्यावरची पायरी समोर ठेवून खाली स्वतः गणित सोडवते आणि मग पुढे जाते. प्रोजेक्टला यापेक्षा मोठे सर्टिफिकेट मला नको.

ज्युनिअर्सना एवढेच सांगेन, कोडला हात लावण्याआधी वापरणाऱ्याशेजारी तासभर गप्प बसा, त्याचे हात बघा. आणि लेक्चर रेकॉर्ड करणाऱ्या सर-मॅडमना नम्र विनंती : फळ्यावरचे अक्षर थोडे मोठे काढावे. रचना आम्ही कितीही सुधारली, तरी फळ्यावर जे दिसतच नाही ते अ‍ॅप कुठून दाखवणार?