'उपचार' या शब्दाचा अर्थ

पूजेची पावती घेताना 'पंचोपचार' व 'षोडशोपचार' हे शब्द भाविकांच्या कानी पडतात. पाचापेक्षा सोळा उपचारांचे पुण्य अधिक, असा पुष्कळांचा समज असतो. आणि ज्यांना मोठी पूजा करविणे शक्य होत नाही, त्यांच्या मनाला रुखरुख लागून राहते. शब्दाचा मूळ अर्थ ध्यानी घेतल्यास तिचे कारण उरत नाही.

'उप' म्हणजे जवळ आणि 'चर्' म्हणजे वावरणे. जवळ राहून केलेली सेवा तो उपचार. रुग्णाच्या शुश्रूषेलाही म्हणूनच उपचार म्हणतात. थोर अतिथी घरी आला असता त्याचे जे करावयाचे, तेच देवाचे: आवाहन करून आसन द्यावे, पाय धुण्यास पाद्य, हातांवर अर्घ्य, मग आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य आणि अखेरीस प्रदक्षिणा, नमस्कार व मंत्रपुष्प. ऋग्वेदातील पुरुषसूक्ताच्या ऋचाही १६ असल्याने एकेका उपचारास एकेक ऋचा म्हणण्याचा प्रघात आहे. यांपैकी गंधापासून नैवेद्यापर्यंतचे पाच ते पंचोपचार. जो पदार्थ जवळ नसेल त्याच्या जागी अक्षता वाहण्याची मुभा पूजाविधीतच आहे. भरजरी वस्त्राऐवजी कापसाचे वस्त्र तर घरोघरी वाहिले जाते.

बोलीत मात्र 'एक उपचार म्हणून' केलेली गोष्ट म्हणजे मन नसता उरकलेली गोष्ट, असा अगदी उलटा अर्थ रूढ झाला. 'औपचारिक' या शब्दालाही तोच कोरडेपणा चिकटला. हा दोष शब्दाचा नव्हे, उरकणाऱ्यांच्या घाईचा.

पंढरपुरी या शब्दाचे मूळ रूप आजही पाहावयास मिळते. आषाढी व कार्तिकी यात्रांच्या काळात श्रीविठ्ठलाचा शेजघरातील पलंग काढला जातो, शेजारतीसह काही नित्योपचार थांबतात, आणि वारकऱ्यांना दर्शन घडावे म्हणून देव अहोरात्र उभा राहतो. त्याला टेकण्यास पाठीशी लोड दिला जातो. भक्तांसाठी देवाचे उपचार बाजूस ठेवले, तरी त्यात कोणी उणेपणा मानीत नाही. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, पलंग पुन्हा शेजघरात येतो, आणि शिणवटा जावा म्हणून त्या रात्री शेजारतीच्या वेळी देवाला काढा दिला जातो.