नमुन्याचं कापड

भरतकामाच्या टाक्यांचं एक लांबट कापड कितीतरी दिवस माझ्या हातात आहे. प्रभादेवीच्या आमच्या चाळीत शेजारच्या काकू दर दिवाळीला विचारतात, "काय गं, अजून तेच?" हो, तेच! नमुन्याचं कापड संपवायचं नसतं, वापरायचं असतं. ते भरताना हाती लागलेल्या काही गोष्टी सांगते.

१. मॅटी आणली की आधी धुवा. खळ निघते आणि कापड काय आटायचं ते आटून घेतं. लाल, काळे, गर्द निळे धागे ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून बघा. डाग उमटला तर त्या धाग्याला या कापडावर जागा नाही.

२. रंग दिवसाउजेडी निवडा. दादरच्या दुकानात ट्यूबलाइटखाली दोन हिरवे जुळे भाऊ वाटतात, म्हणून लडी घेऊन सरळ पायरीवर यायचं. (मंगळवारी मात्र तिकडे फिरकू नये. सिद्धिविनायकाच्या गर्दीतून वाट काढेपर्यंत रंग निवडायची हौस फिटते.) घरी मी गॅलरीत बसते. गिरण्यांच्या जागी टॉवर आले तसा दुपारनंतरचा उजेड लवकर जातो, त्यामुळे बारीक काम सकाळी.

३. लडीत साधारण ८ मीटर धागा आणि ६ पदर असतात. हवे तेवढे पदर एकेक सुटे काढून पुन्हा जुळवले की भरीव टाका गुळगुळीत बसतो. पावसाळ्यात सुई कापडात टोचून ठेवू नका. गंजाचा डाग हटत नाही.

४. सिंधी टाक्याला वेळ द्या. बाकीचे टाके कापडावर भरतात, हा कापडाच्या वर विणतात. आधी हेरिंगबोनचा सांगाडा घालायचा, मग दुसरा धागा त्यात खालून-वरून, खालून-वरून फिरवायचा. या फेरीत कापडाला सुई लागतच नाही. म्हणून सुई उलटी धरून नेढ्याकडून सरकवायची, म्हणजे टोक कुठे अडकत नाही. सगळी मेख सांगाड्यात असते. एका फुलीत वरची रेघ खाली गेली की विणीची लय तिथेच तुटते, आणि ते कळतं पार शेवटी. त्यामुळे प्रत्येक फुलीकडे थांबून बघावं. सांगाडा जरा सैल ठेवावा, नाहीतर दुसरा धागा मावत नाही.

५. कर्नाटकी कशिदा शिकायचा तर समोर बसून शिकावा. आमच्या ओळखीच्या बेळगावच्या मावशींनी मला त्यातली गवंती दाखवली. छापील नक्षी नाही, पेन्सिल नाही. कापडाचे धागे मोजत धावदोरा घालत जायचं आणि परत येताना मोकळ्या जागा भरायच्या. दोन्ही बाजू सारख्याच. मुरगी तिचीच पायऱ्यापायऱ्यांची बहीण, नेगी विणकामासारखी, मेंथी म्हणजे फुल्या. गाठ कुठेच मारायची नाही. धागा सुरू करताना आणि संपवताना टोक टाक्यांखाली दडवायचं. मी पहिलं तुळशीवृंदावन भरलं, तर मावशींनी पुढची बाजू बघितलीच नाही. कापड उलटं केलं आणि म्हणाल्या, "हं, आता गोपुर घ्या."

६. टाक्याशेजारी नोंद ठेवा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉकचं १५९८ सालचं असं कापड आहे. साल भरलेल्या ब्रिटिश नमुन्यांत ते सर्वांत जुनं मानतात. त्यावर १५९६ साली जन्मलेल्या अ‍ॅलिस लीचीही नोंद भरलेली आहे. छापील नक्षीची पुस्तकं दुर्मीळ होती तेव्हा बायका असंच कापड गुंडाळून जवळ ठेवत आणि लागेल तेव्हा उलगडून बघत. मी प्रत्येक टाक्याखाली उभ्या रेघा भरते: दोन रेघा म्हणजे दोन पदर. काकूंना वाटतं फ्रेम करावी. पण काच लावली तर पाठ कशी बघणार? आणि मेंथी तर अजून भरायचीच आहे.